युरेथ्रोप्लास्टी (मूत्रमार्गाची पुनर्रचना)

युरेथ्रोप्लास्टी म्हणजे आकसलेला किंवा तुटलेला मूत्रमार्ग ऑपरेशन करून पुन्हा मोकळा करणं. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण 18 ते 20 सेंटीमीटरचा असतो, त्याच्या आतल्या अस्तराला आणि त्याभोवतीच्या मऊ मांसाला जखम झाली की तिथे व्रण धरतो, व्रण आवळत जातो आणि लघवीची धार बारीक होत होत शेवटी थेंबथेंब. याला डॉक्टर स्ट्रिक्चर म्हणतात. सोलापुरात पेशंट सांगतो ते असं, "लघवी तुंबतीय, जोर लावावा लागतोय", आणि हे सांगायलाच तो कितीतरी महिने लावतो, घरात बायकोलासुद्धा बोलत नाही. हा उशीरच सगळ्यात महाग पडतो.

कारणं बरीच आहेत. दोन पायांच्या मध्ये जोरात मार बसणं (सायकलच्या दांडीवर आदळणं वगैरे), जुना गनोरिया, प्रोस्टेटचं दुर्बिणीतून झालेलं ऑपरेशन, घाईत किंवा चुकीच्या मापाचा घातलेला कॅथेटर (लघवीची नळी), लहानपणी झालेलं हायपोस्पाडियासचं (लघवीचं छिद्र जन्मतःच टोकाऐवजी खालच्या बाजूला असणं) ऑपरेशन, आणि लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार ज्यात पुढचं टोक पांढरं पडून आवळतं. अपघातात कंबरेचं हाड मोडलं तर गोष्ट वेगळी, तिथे मूत्रमार्ग आकसत नाही, अक्षरशः तुटतो. सोलापूर जिल्ह्यात हायवेची वर्दळ आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे असे अपघात इथल्या लोकांना नवीन नाहीत. अशा वेळी लगेच जोडाजोडी करत नाहीत, पोटातून मूत्राशयात नळी टाकतात आणि साधारण तीन महिने थांबून मग दोन टोकं शोधून जोडतात.

तपासणी फार अवघड नसते. युरोफ्लोमेट्रीच्या मशिनमध्ये नेहमीसारखी लघवी करायची, कागदावर आलेख येतो, धार चांगली असली तर घंटेसारखा वर जाऊन खाली येतो आणि सेकंदाला 15 मिलीच्या वर पोचतो, स्ट्रिक्चर असलं तर आलेख कमी उंचीवरच सपाट आडवा लांबत राहतो. नंतर आरजीयू, म्हणजे पुढून औषध सोडून एक्स-रे. अडथळा कुठे आणि किती लांब हे त्यात दिसतं, आणि पुढचं सगळं ठरतं ते त्या लांबीवर. आरजीयू न काढता वर्षानुवर्षं नुसतं डायलेशन करून घेणारे लोक भेटतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

डायलेशन म्हणजे सळ्या घालून रुंद करणं, आणि दुर्बिणीतून व्रण कापणं म्हणजे युरेथ्रोटॉमी. दोन्ही झटपट, दोन्ही स्वस्त, पण टिकतात किती? 1997 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं पेशंट वाटून दोन्हींची तुलना छापली, फरक काही निघाला नाही, आणि 2 सेंटीमीटरपेक्षा छोट्या स्ट्रिक्चरमध्येही वर्षभरात जवळपास 40 टक्के लोकांचा मार्ग परत आवळला, 4 सेंटीमीटरच्या वर असलेल्यांत तर 80 टक्के. ब्रिटनची 'ओपन' नावाची ट्रायल 2020 मध्ये आली, 222 पुरुष, परत परत होणारं स्ट्रिक्चर. दोन वर्षांत त्रास कमी होण्यात युरेथ्रोटॉमी आणि युरेथ्रोप्लास्टी सारख्याच ठरल्या, पण पुन्हा काहीतरी करायची वेळ युरेथ्रोप्लास्टीवाल्यांवर जवळपास निम्मीच आली. मला यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याला प्रत्येक वेळी मजुरी बुडवून ॲडमिट व्हावं लागतं त्याला "पुन्हा" या शब्दाची किंमत माहीत असते. अलीकडे मार्ग रुंद करायला पॅक्लिटॅक्सेल औषध लावलेला फुगाही आलाय, ऑप्टिल्यूम, अमेरिकेत 2021 च्या डिसेंबरात मंजूर झाला, छोट्या स्ट्रिक्चरसाठी.

लांब स्ट्रिक्चरला अस्तर लागतं आणि ते घेतात गालाच्या आतून. ओली जागा, केस नाहीत, जंतूंना तोंड द्यायची सवय, आणि तोंडातली जखम पटकन भरते. वरच्या दाढेसमोर लाळेच्या नळीचं तोंड असतं ते आधी ओळखून ठेवतात, अस्तराखाली औषध टोचून जागा फुगवतात, पट्टी कापून काढतात, मागची चरबी कात्रीने साफ करून ती मूत्रमार्गात शिवतात. 1996 मध्ये इटलीच्या बार्बाग्लींनी ही पट्टी वरच्या बाजूने लावायची पद्धत मांडली, 2001 मध्ये आग्र्याच्या आसोपांनी खालून उघडून आतून लावायची, आणि पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींनी 2009 मध्ये मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवून दुसऱ्या बाजूच्या नसा आणि रक्तपुरवठा शाबूत ठेवायची. संपूर्ण लांबीचं स्ट्रिक्चर एकाच बैठकीत करायचं काम त्यांच्या पद्धतीने जगभर गेलं. त्यांच्या 2012 च्या लेखात 117 पेशंट होते, यश साधारण 84 टक्के, पण आधी ऑपरेशन फसलेल्यांत सुमारे 61 टक्केच. म्हणजे पहिलं ऑपरेशन नीट होणं किती गरजेचं ते यातच आलं.

आपल्याकडची खास अडचण तंबाखूची. मावा, गुटखा गालात धरून धरून गाल आतून कडक पांढरा होतो, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही, मग पट्टी घेणार कुठून? जिभेखालची किंवा कातडीची पट्टी वापरता येते पण गालाची सर नाही, म्हणून गाल बघितल्याशिवाय तारीखच देत नाहीत.

ऑपरेशननंतर कॅथेटर साधारण तीन आठवडे, मग एक्स-रेत गळती नाही बघून काढतात. आणि इथून पुढे संशोधनाचं खरं दुखणं सुरू होतं. धार सुटली की पेशंट परत येत नाही. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर, पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस धरायची, बरं वाटत असताना कोण जाणार. पण जो आला नाही तो बरा आहे की दुसरीकडे डायलेशन करून घेतोय हे कळत नाही आणि यशाचा आकडा कच्चा राहतो, म्हणून चांगल्या अभ्यासात फोन करून, फ्लोचा कागद जवळच्या सेंटरवरून मागवून माणसं शोधतात. सोलापुरात हे करायचं तर संमतीपत्र मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूतही लागतं, नुसता अंगठा घेऊन चालत नाही. भारतात क्लिनिकल ट्रायल सीटीआरआयमध्ये, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवावी लागते, 2009 पासून सक्ती आहे, आणि ती नोंद कुणालाही इंटरनेटवर बघता येते.

स्ट्रिक्चर दुर्लक्षित राहिलं तर मूत्राशयाचा दाब मागे किडनीवर जातो आणि प्रकरण डायलिसिसपर्यंत पोचू शकतं. डायलिसिसवरच्या बऱ्याच जणांना लघवीच होत नाही, त्यामुळे अडथळा असला तरी जाणवत नाही, आणि किडनी ट्रान्सप्लांटनंतर नवीन किडनी लघवी करायला लागते तेव्हा उघडा पडतो, तेही प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या सुरू असताना, ज्यांनी जखम भरायला वेळ लागतो. म्हणून जुना त्रास सांगितला तर ट्रान्सप्लांटच्या आधीच मूत्रमार्ग तपासतात. सोलापूरचं मरणोत्तर अवयवदान पुण्याच्या झेडटीसीसीकडून (अवयव वाटपाची विभागीय समिती) वाटलं जातं, वेटिंगच्या यादीत नाव घालतानाच हा विषय काढलेला बरा.

मूत्रमार्गाचा कॅन्सर अगदी दुर्मिळ, युरॉलॉजीतल्या सगळ्या कॅन्सरमध्ये एक टक्क्याच्याही आत, पण जुन्या स्ट्रिक्चरमध्ये होऊ शकतो. गाठ हाताला लागली, रक्त आलं किंवा जखम भरतच नसेल तर आधी बायोप्सी (तुकडा काढून तपासणी), पट्टी लावायचं नंतर.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारावं, आणि जुने आरजीयू, फ्लोचे कागद आणि डिस्चार्ज कार्ड एका फाईलमध्ये लावून सोबत न्यावं.