अर्धी गाडी पुलावर आली की…

प्लॅस्टिकची लवचीक पट्टी वाकवून दोन जाड पुस्तकांच्या मधे अडकवा. झाली कमान. आता एक ओला रुमाल या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्यावर पसरा. पट्टी निमूटपणे भार घेते. तोच रुमाल गोळा करून एका बाजूला ठेवा, की ती बाजू खचते आणि दुसरी फुगून वर येते. वजन तेवढंच, पण कमानीला ते एका अंगाला आलेलं सोसत नाही.

रस्ता आणि रेल्वे दोन्ही पेलणाऱ्या मोठ्या कमानी पुलाचा आराखडा करणाऱ्याची खरी डोकेदुखी ही आहे. मोटारींचं त्याला फारसं काही वाटत नाही. दीड टनाची मोटार वाहतूक कोंडीत सहाएक मीटर जागा अडवते, म्हणजे मीटरला पाव टन. मालगाडीचा भरलेला वाघिणीचा डबा मात्र शंभर टनांच्या घरात जातो आणि लांबी असते दहा-अकरा मीटर. मीटरला नऊ टन! शिवाय हे वजन एका टोकाकडून सरकत येतं. गाडी पूर्ण पुलावर असताना कमान एक वेळ निवांत असते. गाडी अर्ध्यावर आली, की तिची कसोटी.

यावर जुना उपाय म्हणजे कमानच जाड आणि ताठ करायची. सिडनी हार्बर पुलाची कमान त्यासाठीच पोलादी त्रिकोणांची जाळी आहे. दोन टोकांतलं अंतर ५०३ मीटर, एकट्या कमानीचं पोलाद सुमारे ३९,००० टन. दुसरा उपाय जास्त हुशारीचा. जर्मनीतल्या फेमार्नझुंड पुलावर (१९६३) रस्ता आणि रेल्वे कमानीला टांगलेले आहेत, पण टांगणाऱ्या तारा उभ्या नाहीत. तिरक्या, एकमेकींना छेदत जाणाऱ्या आहेत. एका जागी पडलेला भार त्या कमानीच्या मोठ्या भागावर वाटून टाकतात. गोळा केलेला रुमाल पुन्हा पसरावा तसा. मला दोन्हींत हाच पूल अधिक देखणा वाटतो.

रेल्वेचे हट्ट एवढ्यावर संपत नाहीत. खालून जहाजं जावीत म्हणून पूल ३० मीटर उंच ठेवला, तर वीस मीटरला एक मीटर चढणारा रस्ता ६०० मीटरांत वर पोहोचतो. जड मालगाडीला साधारण शंभराला एक एवढाच चढ झेपतो, म्हणजे तीन किलोमीटरची चढण. पुलापेक्षा पोचमार्गच लांब! त्यात ऊन-थंडी. तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर ५०० मीटर पोलाद जवळजवळ २४ सेंटिमीटर वाढतं. रस्त्यात दातेरी पट्ट्यांचा सांधा बसवून भागतं. रुळांना मात्र चाकाला खड्डा न लागता सरकणारे खास सांधे लागतात.

मग रुळ कुठे घालायचे? चीनमधल्या चोंगचिंगच्या चाओथ्यानमन पुलाला (५५२ मीटर, २००९) दोन मजले आहेत. वर रस्ता, खालच्या मजल्यावर मधोमध मेट्रो आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुन्हा रस्ता. सर्वांत जड वाहन मध्यरेषेवर, म्हणजे पुलाला पीळ कमी.

सिडनीत सगळं एकाच पातळीवर आहे. तिथे बांधकामाच्या वेळी दोन्ही काठांवरून निघालेल्या अर्ध्या कमानी पोलादी दोरांनी मागे खेचून धरल्या होत्या, कारण मिटेपर्यंत कमान ही कमान नसतेच. नुसते दोन लोंबते हात. दोर हळूहळू सैल करत ऑगस्ट १९३० मध्ये त्या जुळवल्या. फेब्रुवारी १९३२ मध्ये चाचणीसाठी ९६ वाफेची इंजिनं आणून वेगवेगळ्या रचनांत पुलावर उभी केली.

तेव्हा रुळ दोन्ही कडांना होते: पश्चिमेला रेल्वे, पूर्वेला ट्राम. १९५८ मध्ये ट्राम बंद झाली आणि त्या जागी मोटारींच्या दोन मार्गिका आल्या. तेव्हापासून आगगाड्या एकाच अंगाने धावताहेत.