‘कंजंक्शन’च्या पोटातला ‘न’

संस्कृत आणि इंग्रजीतले सारखे दिसणारे शब्द शेजारी मांडून ‘सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या’ असे ठासून सांगणारे संदेश समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. भाषांचे नाते मात्र अशा वरवरच्या साम्यावरून ठरत नाही. ते ध्वनिबदलाच्या नियमांवरून आणि व्याकरणातल्या बारीक खुणांवरून ठरते. शाळेत आपण ज्याला उभयान्वयी अव्यय म्हणतो, त्याच्या ‘कंजंक्शन’ या इंग्रजी नावात अशी एक सुरेख खूण टिकून आहे.

हे नाव लॅटिन ‘कोन्युंक्तिओ’वरून आले. ‘कोन्’ म्हणजे एकत्र आणि ‘युंगेरे’ म्हणजे जोडणे. बैलांच्या मानेवरच्या जोखडाला लॅटिनमध्ये ‘युगुम्’, ग्रीकमध्ये ‘झ्युगोन्’, इंग्रजीत ‘योक’ आणि संस्कृतात ‘युग’ म्हणतात. मराठीतले ‘जू’ याच ‘युग’पासून झाले. क्रियापद चालवण्याला इंग्रजीत ‘काँज्युगेशन’ म्हणतात, तेही याच कुळातले. मग त्याच्या ‘ज्युग्’मध्ये नसलेला अनुनासिक ‘जंक्’मध्ये कुठून आला?

आद्य भारोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी अशा भाषांच्या समान पूर्वज मानल्या जाणाऱ्या भाषेत, काही धातूंची वर्तमानकाळी रूपे करताना धातूच्या पोटातच, शेवटच्या व्यंजनाच्या आधी, ‘न’ शिरत असे. संस्कृतात ‘युज्’ धातूच्या ‘युक्त’ आणि ‘योग’ या रूपांत तो नाही, पण ‘युनक्ति’ (जोडतो) आणि ‘युञ्जन्ति’ (जोडतात) यांत आहे. पाणिनीने ‘रुधादिभ्यः श्नम्’ या सूत्रात त्यालाच ‘श्नम्’ म्हटले. त्यातला ‘म्’ उच्चारायचा नसून, हा प्रत्यय धातूच्या अंत्य स्वरानंतर बसवावा, एवढे सांगण्यापुरता आहे. लॅटिनमध्येही ‘रुम्पो’ म्हणजे ‘मी मोडतो’, पण ‘मोडलेले’ म्हणजे ‘रुप्तुस्’. तिथे अनुनासिक गळतो. त्याच न्यायाने ‘युंगो’चे ‘युक्तुस्’ व्हायला हवे होते. परंतु लॅटिन भाषकांनी वर्तमानकाळाचा ‘न’ इथेही ओढून नेला आणि ‘युंक्तुस्’ हे रूप रूढ झाले. त्यातूनच ‘कोन्युंक्तिओ’ झाला, आणि मनमाड जंक्शनच्या पाटीवरचा अनुस्वारही त्याचाच. खुद्द इंग्रजीत ‘स्टँड’ आणि ‘स्टुड’ या जोडीत हा जुना भेद अजून ऐकू येतो.

शब्द उसने घेता येतात. धातूच्या पोटात शिरणारा असा प्रत्यय त्याच्या नियमासकट सहसा कोणी उसना घेत नाही. म्हणून या भाषांचे मूळ एक, हे निश्चित. पण ते मूळ संस्कृत नव्हे, कारण लॅटिन ‘एस्त’ आणि ‘ओक्तो’ यांतले जुने ‘ए’ आणि ‘ओ’ संस्कृतातल्या ‘अस्ति’ आणि ‘अष्ट’मध्ये एकाच ‘अ’त मिसळून गेले आहेत. संस्कृतचे अभ्यासक आणि न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात केलेल्या भाषणात या भाषांचा समान उगम मांडला, तेव्हाच तो कदाचित आता अस्तित्वात नसेल, असेही म्हटले होते.