टर्मिनेटर : दोन पिक्चरमध्ये संपलेली गोष्ट आणि नंतरचे चार

माणसांना मारायला भविष्यातून आलेल्या रोबोंची हॉलिवूड मालिका टर्मिनेटर, तिचा नवा पिक्चर आला की दरवेळी तीच चर्चा, की पहिल्या दोनची सर नाही. खरंच नाही. कोणी दिग्दर्शकाला बोल लावतं, कोणी टर्मिनेटर झालेल्या अरनॉल्डच्या वयाला, पण माझ्या मते याचं मूळ पडद्यावर कमी आणि हक्कांच्या कागदपत्रांमध्ये जास्त सापडतं, आणि त्यासाठी पार १९८४ पर्यंत मागे जावं लागतं.

पहिल्या दोन्ही भागांचा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन, त्याला तेव्हा फारसं कोणी ओळखत नव्हतं. रोममध्ये तापाने फणफणलेला असताना त्याला स्वप्न पडलं, आगीतून बाहेर येणारा धातूचा सांगाडा, आणि तेच चित्र पहिल्या पिक्चरच्या शेवटाकडे आलं, टँकर जळतोय, संपलं एकदाचं असं वाटतंय आणि ज्वाळांमधून तो सांगाडा उठून उभा राहतो. गोष्टीचे हक्क त्याने निर्माती गेल ॲन हर्डला १ डॉलरला दिले, अट एकच की डायरेक्ट मीच करणार. साधारण ६४ लाख डॉलरमध्ये झालेल्या पिक्चरने जगभरात पावणेआठ कोटींच्या वर धंदा केला. कॅमेरॉनला दिग्दर्शकाची खुर्ची मिळाली पण गोष्ट हातातून गेली, आणि पुढच्या ३५ वर्षांत जे झालं त्याची सुरुवात मला इथेच दिसते.

दुसरा भाग १९९१ ला आला, पैसा कॅरोल्को कंपनीचा, खर्च १० कोटी डॉलरच्या घरात, कमाई ५० कोटींच्या वर आणि ४ ऑस्कर. टी-१००० या खलनायक रोबोचा तो वितळणारा चेहरा सगळ्यांच्या लक्षात आहे पण त्यातलं कॉम्प्युटरवर केलेलं काम काही मिनिटांचंच आहे, बाकी स्पेशल इफेक्ट्सवाल्या स्टॅन विन्स्टनच्या टीमने हाताने बनवलेल्या वस्तू आणि मेकअप, म्हणूनच तो आजही जुना वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या पिक्चरचा एक वेगळा शेवट शूट झाला होता. एक बाग, बाकावर नायिका सेरा म्हातारी होऊन बसलीये, १९९७ चा जजमेंट डे, म्हणजे मशीन माणसांचा संहार करणार होती तो दिवस, आलाच नाही, तिचा मुलगा जॉन मोठा होऊन सिनेटर झालाय आणि समोर स्वतःच्या मुलीशी खेळतोय, ती मुलगी येते आणि सेरा तिच्या बुटाची लेस बांधून देते. बस, गोष्ट पूर्ण. कॅमेरॉनने तो काढून टाकला आणि तिथे रात्रीचा अंधारा हायवे टाकला, हेडलाइटच्या उजेडात पट्टे मागे पळतायत आणि पुढचं काही दिसत नाही. कलाकृती म्हणून तो हायवेच बरोबर आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण बागेने जे दार लावून टाकलं असतं ते हायवेमुळे उघडं राहिलं.

१९९५ मध्ये कॅरोल्कोचं दिवाळं निघालं, मग तीच कंपनी ज्यांनी उभी केली होती त्या मारिओ कसार आणि अँड्र्यू वाय्ना यांनी हक्क परत विकत घेतले, हर्डचा वाटाही घेतला, आणि २००३ ला तिसरा भाग आला. कॅमेरॉन नाही, सेरा झालेल्या लिंडा हॅमिल्टननेही नकार दिला, त्यामुळे सेरा पडद्यामागेच ल्युकेमियाने गेली असं सांगून मोकळे झाले. दुसऱ्या भागाने जीव तोडून सांगितलं होतं की भविष्य आपल्या हातात आहे, याने सांगितलं की नाही, जजमेंट डे फक्त पुढे ढकलला गेला होता. तरी शेवट मला आवडतो, जॉन आणि त्याची साथीदार केट डोंगरातल्या बंकरमध्ये स्कायनेट, म्हणजे माणसांवर उलटलेली कॉम्प्युटर सिस्टीम, बंद करायला पोचतात आणि तिथे काहीच नाही, फक्त जुनी धुळीची उपकरणं आणि रेडिओवर मदत मागणारे आवाज. नंतरच्या चारही भागांमधला सगळ्यात धाडसी क्षण तोच.

२००७ ला हक्क हॅल्सियन नावाच्या नव्या कंपनीकडे गेले आणि इथून एक चक्र सुरू झालं. २००९ चा साल्वेशन, ख्रिश्चन बेल जॉनच्या भूमिकेत, अरनॉल्ड तेव्हा कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर म्हणून त्याचा फक्त डिजिटल चेहरा, खर्च २० कोटी, कमाई ३७ कोटींच्या आसपास, आणि ही म्हणे तीन पिक्चरची सुरुवात होती. मे मध्ये रिलीज झाला, ऑगस्टमध्ये हॅल्सियन दिवाळखोरीत. २०१० ला हक्कांचा लिलाव झाला आणि ते एका हेज फंडाकडे गेले.

मग आला २०१५ चा जेनिसिस, पुन्हा नवे मालक, पुन्हा तीन पिक्चरचा प्लॅन, पुढच्या दोघांच्या २०१७ आणि २०१८ च्या तारखासुद्धा जाहीर. याने पहिल्या भागातली १९८४ चीच घटना बदलून टाकली आणि जॉन कॉनरला मशीन केलं, वर तो धक्का ट्रेलरमध्येच दाखवून टाकला. चीनमध्ये ११ कोटी डॉलरच्या वर, अमेरिकेत जेमतेम ९ कोटी. त्या तारखांना काहीच आलं नाही.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला स्वतः दुसऱ्याला देऊन टाकलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागायची सोय आहे, १९८४ मध्ये ३५ मिळवा, २०१९ येतं. त्याच वर्षी डार्क फेट आला, कॅमेरॉन निर्माता म्हणून परत, लिंडा हॅमिल्टन परत, आणि तिसरा चौथा पाचवा भाग घडलेच नाहीत असं धरून थेट दुसऱ्याच्या पुढे. मी खूप आशेने बघायला बसलो होतो. सुरुवातीलाच १९९८ साल, समुद्रकिनारा, सेरा आणि पोरगेला जॉन निवांत बसलेत, एक टी-८००, म्हणजे अरनॉल्डच्या चेहऱ्याचा टर्मिनेटर, चालत येतो आणि जॉनला गोळ्या घालतो. ज्या पोराला वाचवण्यासाठी आपण दोन पिक्चर श्वास रोखून बसलो तो पाच मिनिटांत गेला, आणि ते मला अजूनही पटलेलं नाही. कमाई २६ कोटींच्या आसपास, साल्वेशनपेक्षाही कमी, आणि ठरलेली तिसरी त्रयीसुद्धा पहिल्याच भागावर थांबली.

हॅमिल्टनने मात्र त्यात जीव ओतलाय. मुलगा गमावलेली, वर्षानुवर्षं नीट न झोपलेली बाई तिच्या डोळ्यांत दिसते, आणि फक्त तिच्यासाठी मी तो पिक्चर परत बघितलाय.