चमत्कार कोण करतं? संत की देव?
"संत अंतोनीला सांग, हरवलेली वस्तू तो शोधून देतो," असं कॅथलिक घरांत मुलांना सर्रास सांगितलं जातं. ऐकायला गोड, पण कॅथलिक शिकवण तशी नाही. चमत्कार देव करतो. संत आपल्यासाठी मध्यस्थी करतात, मित्राला आपण 'माझ्यासाठी प्रार्थना कर' म्हणतो ना, तशी. आराधना एकट्या देवाची, संतांच्या प्रतिमांना फक्त मान, हा फरक निसियाच्या दुसऱ्या परिषदेने (चर्चच्या बिशपांच्या सभेने) 787 मध्येच मांडला होता.

संतपदासाठी चमत्काराची चौकशी होते, तीही मध्यस्थीचीच खूण म्हणून. आजार बरा होण्यामागे वैद्यकीय कारण सापडतं का, हे आधी डॉक्टर तपासतात. (रक्तसाक्षींना, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांना, 'धन्य' ही संतपदाआधीची पायरी देताना चमत्काराची अट नसते.)

हे सांगितलं तर मुलं हिरमुसतील, ही भीती मला पटत नाही. फार तर विचारतील, "मग देव थेट ऐकत नाही का?" ऐकतो, असं सांगा.