जाम झालेली शिलाई मशीन आणि झिजलेली शिलाई मशीन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

गेल्या महिन्यात नौपाड्यात ओळखीच्या काकूंनी सासूबाईंची काळी सिंगर भंगारात दिली, कारण काय तर चाकच फिरत नाही. मी पोचेपर्यंत गेलेली. आणि त्याच आठवड्यात नेरुळच्या मैत्रिणीने "चाक लोण्यासारखं फिरतंय" म्हणून एक मशीन साडेचार हजाराला उचलली, ती धड टीपच घालत नाही. हे इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच टाकते.

मशीन किती जुनी, हे पटकन संपवू. तिच्यावर कोरलेल्या नंबरावरून अंदाज लागतो, पण जुनी म्हणजे महाग असं काही नसतं, स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातून सिंगरच्या अशा मशीनी लाखांनी निघाल्यात. १८५१-१९५१ लिहिलेला सिंगर कंपनीच्या शंभरीचा बिल्ला दाखवून "रेअर पीस" म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो, तो बिल्ला भरपूर मशीनींवर आहे. लांबट होडीसारखं शटल (खालच्या दोऱ्याची बॉबिन, म्हणजे रीळ, ज्यात बसते तो भाग) असेल तर बॉबिन शोधत फिरावं लागतं, उषासारखी गोल बॉबिनवाली असेल तर सामान कुठेही मिळतं. रोज शिवायचंय तर गोलवालीच घ्या.

आता मुद्द्याचं. जाम झालेल्या मशीनीत बहुतेकदा काहीच बिघडलेलं नसतं. आपल्याकडे हाताला लागेल ते तेल घालतात, स्वयंपाकाचंसुद्धा, ते वर्षानुवर्षं सुकून गोंदासारखं पिवळट घट्ट होतं आणि सगळे सांधे धरून ठेवतं. नाहीतर शटलमध्ये दोऱ्याचा गुंता अडकलेला असतो, तेवढ्यानेही चाक हलत नाही. गुंता काढायचा, सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवायचं (सोनेरी नक्षीवर ओघळ जाऊ द्यायचा नाही), सकाळी चाक हळूहळू मागेपुढे करायचं, जोर अजिबात लावायचा नाही, मग काळं पाणी पुसून मशीनचंच तेल. आतलं लोखंड शाबूत असतं, उलट कित्येक वर्षं न चालल्यामुळे कमी झिजलेलं असतं!

झिजलेली मशीन मात्र हलकी फिरते, कारण सांधे ढिले झालेले असतात, आणि लोक त्यालाच "स्मूथ" म्हणतात. म्हणून चाक फिरवून निर्णय घेऊच नका. सुईची दांडी चिमटीत धरून बाजूला हलवा, खडखडली तर विचार करा. चाक थोडं मागेपुढे करून बघा, सुई हलायच्या आधी ते बरंच नुसतंच फिरत असेल तर आत झीज आहे. सुईखालचे, कापड पुढे ढकलणारे दाते बोटाने चाचपा, गुळगुळीत लागले तर कापड पुढे सरकणार नाही, पण दाते बदलता येतात, सांध्यांची झीज सहज भरून येत नाही.

चाकाच्या मधला मोठा स्क्रू बॉबिन भरताना सैल करतात, तो तसाच असेल तर चाक एकटंच गरगर फिरतं आणि सुई जागची हलत नाही. नेरुळच्या मैत्रिणीला मशीन घेताना चाक लोण्यासारखं वाटलं ते नेमकं यामुळेच. आधी तो आवळायला सांगा, मग फिरवा.

एक अपवाद, गंज. खाडीच्या दमट हवेत बाल्कनीत पडलेली मशीन जाम असेल तर ती तेलाने की गंजाने हे बघायला खालची बाजू उलटून टॉर्च मारा. पिवळा चिकट थर दिसला तर घ्या. लोखंडाला खड्डे पडलेले दिसले तर ठेवा तिथेच, मग वरचा रंग कितीही चकचकीत असो.