इंदूरमध्ये लिव्हिंग विल करायचं तर: पात्रता, कागदपत्रं आणि काम अडतं कुठे

लिव्हिंग विलचा घर-जमिनीच्या मृत्युपत्राशी काही संबंध नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हा कागद लागतो तो माणूस जिवंत असतो पण बोलू शकत नाही तेव्हा. बरं होण्याची आशा संपली, स्वतः निर्णय घेता येईना, तर कोणते उपचार नकोत हे त्यात आधीच लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी प्रक्रिया सोपी केली. आधी न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं मात्र आजही गुन्हाच आहे, कागदात काहीही लिहा.

कोण करू शकतो

वय १८ पूर्ण, डोकं ठिकाणावर, कोणाचा दबाव नाही. बस. आजारी असण्याची अट नाही. उलट धडधाकट असताना केलेला कागद पुढे कोणी सहज खोडून काढत नाही. विस्मरणाचं निदान आधीच झालं असेल, तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा. ते सक्तीचं नाही, पण नंतरचा वाद वाचतो.

मजकूर

न्यायालयाने छापील नमुना ठरवून दिलेला नाही, आणि बहुतेक कागद इथेच फसतात. ‘मला मशीनवर ठेवू नका’ एवढंच लिहिलं तर कोणतं मशीन? हर्नियाच्या ऑपरेशननंतर दोन तास लागणारंही नको का? मजकूर संदिग्ध असेल तर दवाखान्यातलं डॉक्टरांचं मंडळ तो अमलात आणत नाही. नेमकं असं लिहा:

‘माझा आजार बरा होण्याची आशा नसेल व मला निर्णय घेता येत नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करणे आणि नळीने अन्न देणे हे उपचार सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत. वेदना, धाप आणि घाबरेपणा यांवरची औषधे शेवटपर्यंत द्यावीत.’

‘सुरू असल्यास थांबवावेत’ हे शब्द गाळू नका. व्हेंटिलेटर न लावायला डॉक्टर तयार होतात, लावलेला काढताना हात अडखळतो. वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच: या उपचाराने पेशंटचं आता काही भलं होतंय का? शेवटचं वाक्य घरच्यांसाठी आहे. उपचार थांबवले म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडलं, असं नाही. मॉर्फिन, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं चालूच राहतं.

याशिवाय तीन गोष्टी हव्यातच: परिणाम समजून लिहितोय, हे विधान, हे कधीही रद्द करू शकतो, हे विधान, आणि आपल्या वतीने संमती देणाऱ्या पालक (गार्डियन) किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव. नावं दोन द्या. मुलगा पुण्यात किंवा अमेरिकेत असतो, आयसीयूतून फोन रात्री दोनला येतो. त्यामुळे दुसरं नाव इंदुरातल्याच माणसाचं असू द्या.

भाषेचं म्हणाल तर सही करायची प्रत हिंदी किंवा इंग्रजीत ठेवा. मराठी चालणार नाही असं नाही, पण ऐनवेळी भाषांतर करत बसायला कोणाला वेळ नसतो. घरच्यांसाठी मराठी प्रत वेगळी काढा.

सही आणि प्रती

स्वतःचं, दोन साक्षीदारांचं आणि नेमलेल्या व्यक्तींचं आधार कार्ड घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या नोटरीकडे जा. साक्षीदार घरचे किंवा वारस नकोत, शेजारी चालतील. नोटरी नुसता ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारून मोकळा होतो, तेवढ्यावर समाधान मानू नका. कागद स्वखुशीने, दबावाशिवाय, समजून केल्याची खात्री पटली, असं नोटरी आणि साक्षीदार दोघांनीही लिहायचं असतं.

मग एक प्रत नेमलेल्या व्यक्तींना, एक फॅमिली डॉक्टरला, एक नगर निगमला. स्थानिक संस्थेने असे कागद सांभाळायला अधिकारी नेमायचा, असा आदेश आहे. खिडकीवरच्या बाबूला ‘लिव्हिंग विल’ शब्द नवा वाटला तर निकालाची प्रत दाखवा आणि आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. घेतच नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा.

दवाखान्यात पुढे काय होतं

उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान दोन तज्ज्ञ, प्रत्येकी किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले, मिळून प्राथमिक मंडळ होतं. त्याचं मत तपासणाऱ्या दुसऱ्या मंडळात सीएमएचओंनी, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांनी, नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार दिवस धरून चाला. म्हणून भरती होतानाच प्रत फाइलला लावा. नेमलेल्या व्यक्तीची संमती घेतात, आणि अंमलबजावणीआधी दवाखाना न्यायदंडाधिकाऱ्याला कळवतो. तिथे परवानगीची वाट पाहायची नसते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात, आपल्याकडे इंदूर खंडपीठात, जाता येतं.

कागदच नसेल तर हीच दोन मंडळं जवळच्या नातेवाइकाच्या संमतीने निर्णय घेतात. हे माहीत नसल्याने कित्येक घरं ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय’ अशी सही करून पेशंटला घरी आणतात, आणि धापेवरचं औषधही मागे राहतं.

बदल किंवा रद्द करायचं तर लेखीच, याच पद्धतीने. दोन कागद सापडले तर शेवटच्या तारखेचा धरतात; तरी जुन्या प्रती परत मागवून फाडा. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये मात्र ठेवू नका, रविवारी तो उघडत नाही.