रात्रीची दारू, सकाळी सातची गाडी

३१ डिसेंबरला ठाण्यात येऊर, उपवन, घोडबंदर रोड आणि नवी मुंबईत पाम बीच रोडवर नाकाबंदी असते, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. म्हणून शहाणी मंडळी रात्री गाडी काढत नाहीत. मित्राकडेच आडवी होतात, सकाळी सातला कडक चहा घेतात आणि निघतात. झोप झाली म्हणजे उतरली, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब जरा आकड्यांत करून बघू. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आपल्याकडची कायदेशीर मर्यादा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका लार्जमध्ये, म्हणजे ६० मिलिलिटरमध्ये, साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ते शरीरातल्या पाण्यात पसरतं. एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या सूत्राने ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे त्याचे सुमारे ४२ मिलिग्रॅम होतात. म्हणजे रिकाम्या पोटी झटकन घेतलेला एकच लार्जसुद्धा मर्यादा ओलांडू शकतो. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूत त्यांचा आकडा आणखी वर जातो.

चढायला अर्धा-एक तास पुरतो, उतरायला मात्र रात्र लागते. यकृतातलं अल्कोहोल मोडणारं विकर (एन्झाइम) थोड्याशा दारूतच पूर्ण क्षमतेने कामाला लागतं. त्यापुढे कितीही ओता, वेग वाढत नाही. एकच खिडकी चालू असलेल्या टोलनाक्यासारखं. मागे दहा गाड्या असोत की शंभर, तासाला सुटणार तेवढ्याच. हा वेग माणसागणिक बदलतो, पण तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास धरायला हरकत नाही. चहा, कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वाढत नाही. पोटभर जेवलं तर दारू सावकाश चढते, एवढाच फायदा.

आता दहाला सुरू करून एकापर्यंत चार लार्ज घेणारा आपला गडी घ्या. चारही लार्जचे मिळून १६८ मिलिग्रॅम. सकाळी सातपर्यंत नऊ तासांत त्यातले १३५ गेले, उरले ३३. चहाचा कप हातात आहे आणि गडी अजून मर्यादेच्या वरच आहे.

खरी गोम मात्र पुढे आहे. त्याला हे जाणवत नाही. रक्तातला आकडा चढताना माणसाला जेवढी झिंग वाटते, तेवढी उतरताना त्याच आकड्याला वाटत नाही. मेंदू तेवढ्यापुरता सरावतो. पण ‘बरं वाटणं’ जितकं लवकर परततं, तितक्या लवकर गाडी चालवण्याचं कसब परतत नाही. दोन गोष्टींकडे एकदम लक्ष देणं, उजेडाच्या झोताने दिपलेले डोळे सावरणं, वेळेवर ब्रेक दाबणं हे सगळं मंदावलेलंच असतं. त्यातच दारूने रात्रीच्या उत्तरार्धातली झोप मोडलेली असते. ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते; प्रतिक्रियेला अर्धा सेकंद उशीर झाला तर ब्रेक लागण्याआधीच आठ मीटर संपले. पहाटे पाम बीचवर सायकली घेऊन आणि धावायला बाहेर पडणारे किती असतात, ते नवी मुंबईकरांना सांगायला नको.

बडीशेप-वेलचीचा उपयोग नाही. पोलिसांचं यंत्र तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातून खोलवरून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं, आणि रक्तातलं प्रमाण त्यावरून काढता येतं.

पकडलं गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दारू रात्री घेतली होती की आत्ता, याने फरक पडत नाही. आणि गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा सहसा मिळत नाही; पॉलिसीत ती अट बारीक अक्षरात असते.